बोळातलं कपाट

शहराला पाय असतात आणि ते आपल्याच ट्रकला लावलेत, अशी ट्रकवाल्या काकूंची जुनी कुरकुर होती. लोकांची घरं हलवायची, हा त्यांचा धंदा. नवरा होता तोवर तो स्टिअरिंगला आणि काकू मागे, सामानाच्या ढिगावर, कुणाचा तरी आरसा छातीशी धरून. तो गेला तेव्हा गल्लीला वाटलं, आता ट्रक विकतील. काकूंनी ट्रक धुतला, पुढच्या सीटवर एक उशी टाकली आणि एका शिक्षिकेचं घर हलवायला निघाल्या.

बाई धिप्पाड. चालताना दोन्ही हात अंगापासून जरा लांब, जणू पलीकडून कुणीतरी दुसरी बाजू धरली आहे. कुणाकडे चहाला गेल्या तरी आधी दाराची रुंदी डोळ्यांनी मोजायच्या, मग बसायच्या. एकदा कुणाच्या तरी निरोप समारंभात एका गोलमटोल साहेबांकडे बघून त्या शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "यांना आडवं करूनच काढावं लागेल." साहेबांनी ते ऐकलं. तेही हसले, कारण काकूंच्या बोलण्यात दंश नसे, फक्त माप असे.

सामान नेहमी एकाच दिशेला जाई, बाहेर. जुन्या गल्ल्यांतल्या दीड खोलीत मुलं मोठी होत, त्यांची लग्नं होत आणि कुणालातरी उठावं लागे. सामान निघालं की भिंतीवर फिके चौकोन राहत, जिथे कपाटं होती, चित्रं होती. काकू त्या चौकोनांकडे पाहायचं टाळत. शहर जिथे संपे तिथे त्या माणसांना नेऊन सोडत. पुढच्या खेपेला जावं, तर शहर तिथे संपलेलं नसे. पूर्वी ज्या हापशावर ट्रक थांबवून इंजिनात पाणी भरायचं, तिथे आता औषधांचं दुकान होतं. त्याच्याही पुढे कोबीची शेतं होती आणि तिथली कोबीवाली ट्रक दिसला की कमरेवर हात ठेवून उभी राही.

"आलीस? आज कुणाला आणलंस माझ्या उरावर?"

"चारच माणसं आहेत गं. आणि एक पोपट."

"पोपट राहू दे. माणसं परत ने."

मग दोघी बांधावर बसून चहा पीत. निघताना कोबीवाली एक गड्डा खिडकीतून सीटवर टाकी. काकूंना तिचं म्हणणं पटे आणि मागे सामानात बसलेल्या माणसांचंही पटे. माणसं जन्माला यायची थांबणार नाहीत. आली की त्यांना छप्पर हवं. आणि जमीन काही रबराची नाही. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की माणसाच्या तोंडाला कुलूप लागतं, तसं परतीच्या रिकाम्या ट्रकमध्ये काकूंच्या तोंडाला लागे. त्यांच्याबरोबर काम करणारा लंबू मात्र तिथेच उतरे. त्याची खोली कोबीच्या अलीकडे होती, कारण शहरात त्याला परवडेल अशी जागाच उरली नव्हती. सकाळी तो दोन बस बदलून कामावर येई, आणि उशीर झाला की दोष तिसऱ्याच बसला देई.

काकूंची काम करायची एक रीत होती. सामान उचलण्याआधी त्या रस्त्यावर खडूने ट्रकच्या हौद्याएवढा चौकोन आखत. घरातली एकेक वस्तू आणून आधी त्या चौकोनात मांडायची. पलंग इथे, त्याच्या पोटात गाद्या, गाद्यांत भांडी. सगळं बसलं की मगच ट्रकला हात लावायचा. गल्लीतली माणसं ते बघायला जमत. आपला सगळा संसार खडूच्या एका चौकोनात मावतो हे पाहून कुणी हसे, कुणी डोळे पुसे, आणि कुणी नवऱ्याला म्हणे, "बघ, तुझी पुस्तकंच निम्मी जागा खातात."

आता या बाईच्या स्वतःच्या घरातून सामान निघायची वेळ आली होती.

मुलगा समोरच्या इस्पितळात रक्त तपासायचा. सून कोपऱ्यावरच्या बेकरीत भट्टीवर होती. दोघांचं काम हाकेच्या अंतरावर, घर मात्र दीड खोलीचं, आणि सुनेला सातवा महिना लागलेला. कोबीच्या शेताला लागून नव्या इमारती उठत होत्या. तिथे दोन खोल्या मिळत होत्या, गॅलरीसकट. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं.

"गॅलरीतून शेत दिसतं, आई," मुलगा म्हणाला.

"दिसतं. दोन वर्षं दिसेल," काकू म्हणाल्या. "मग त्या गॅलरीतून दुसरी गॅलरी दिसेल. अरे, ती शेतं मीच संपवलीत."

"मग आम्ही राहायचं कुठे? बाळाला काय खुंटीला टांगायचं?"

 काकूंनी बाहेर जाऊन ट्रकच्या चाकांतली हवा बघितली. हवा ठीक होती.

त्याच आठवड्यात पालिकेची इंजिनिअर शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या गल्लीला भेटायला आली. तरुण मुलगी, घसा बसलेला, बहुधा प्रत्येक गल्लीत तेच सांगून. ती म्हणाली, शहर आता आडवं पसरायचं झालं तर पाण्याचे पाइप पुरत नाहीत, बस पुरत नाहीत, आणि पुढे जी शेतं आहेत तिथूनच आपली भाजी येते. म्हणून जुन्या गल्ल्यांत जी घरं एकमजली आहेत त्यांवर अजून दोन मजले चढवायला परवानगी द्यायची ठरलं आहे.

"बुरूज नाही बांधायचेत," ती म्हणाली. "दोनच मजले. पण घरटी एक जिना घातला तर गल्लीत चालायला जागा राहणार नाही. म्हणून शेजारच्या दोन घरांनी मिळून एक जिना. दोघांच्या मधल्या जागेत. दोघांची संमती हवी."

सगळ्या हॉलने एकदम मान वळवून आधी काकूंकडे पाहिलं आणि मग चष्मेवाल्यांकडे.

चष्मेवाले म्हणजे काकूंचे शेजारी. सडसडीत, एकटे, पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार, तोही एका स्टोव्हचा. दोन घरांच्या मधे एक बोळ होता, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढा. त्या बोळात चष्मेवाल्यांच्या कामाच्या टेबलाची खिडकी उघडायची. आणि त्या खिडकीसमोर, बोळात घट्ट रुतून, एक कपाट उभं होतं.

ते काकूंच्या नवऱ्याने ठेवलेलं. एका गिऱ्हाइकाच्या नव्या घरात ते बसलं नाही. आठवड्याभरात नेतो म्हणालं, ते गिऱ्हाईक पुन्हा आलंच नाही. पहिल्या पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि कपाट दोन भिंतींत असं अडकलं की पुढे येईना, मागे जाईना. फोडायला काकू तयार नव्हत्या. गिऱ्हाइकाची वस्तू फोडायची, हे धंद्यात पाप. जगाची घरं हलवणाऱ्या बाईकडून दारातलं एक कपाट हलेना, यावर गल्लीने मनसोक्त विनोद केले. चष्मेवाल्यांना मात्र हसू येत नव्हतं. त्यांचा उजेड गेला होता. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. म्हणजे बोलणं होई, पण तिसऱ्या माणसाकडून. दोघं समोरासमोर उभे असले तरी.

हॉलमध्ये चष्मेवाले उठले आणि इंजिनिअरला म्हणाले, "बाई, ज्यांनी माझ्या खिडकीपुढे कपाट लावलं, त्यांना मी जिना लावायला जागा देऊ? उरलासुरला उजेडही घेऊन जातील. माझी संमती नाही." आणि छत्री घेऊन निघून गेले. बाहेर पाऊस नव्हता.

 दुसऱ्या दिवशी सकाळी सून म्हणाली, "आई, एक सांगू? चष्मेवाले हो म्हणाले तरी मला खरं वाटत नाही. या एवढ्याशा घराच्या डोक्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर? मावेल का?"

मावेल का, हा प्रश्न काकूंना विचारायचा नसतो. सुट्टीचा दिवस होता. त्यांनी खडू घेतला आणि गल्लीच्या मधोमध आपल्या गच्चीएवढा चौकोन आखला. लंबूला हाक मारली. घरातलं सगळं बाहेर आलं. पलंग, टेबल, शिलाई मशीन, सुनेचा ओट्यावर ठेवायचा छोटा ओव्हन, आणि बाळाच्या पाळण्याच्या जागी एक उघडी सूटकेस. काकू मधे उभ्या राहून हुकूम सोडत होत्या, "डावीकडे. अजून. अरे, तुझी डावी नाही, घराची डावी!" गल्ली नेहमीसारखी जमली. बेकरीवाला पाव विकायचं सोडून आला. तासाभरात दोन खोल्या, स्वयंपाकघर, सगळं असं चपखल बसलं की मधून वारासुद्धा जाऊ नये. लंबूने टाळ्या वाजवल्या. सुनेच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा विश्वासासारखं काहीतरी आलं.

चष्मेवाले दुकानाच्या दारात उभे होते. डोळ्यावर घड्याळजी लावतात तसलं भिंग, हातात कुणाच्या तरी चष्म्याची काडी. बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "लंबू, जरा विचार त्यांना."

"काय विचारू?"

"सून घरात येणार कुठून?"

सगळ्यांनी चौकोनाकडे पाहिलं. एका भिंतीला पलंग, दुसरीला टेबल, तिसरीला ओटा. उघडी बाजू एकच, गल्लीकडची, आणि ती वर, हवेत. काकूंनी घर भरलं होतं ट्रकसारखं.

"की तिलाही आधी आत ठेवायचं," चष्मेवाले पुढे म्हणाले, "आणि मग मागून ट्रकचा फाळका लावायचा?"

आधी बेकरीवाला फुटला. मग सून, पोट धरून, आणि मग लंबू, जो वाकून हसायला लागला की अर्धा रस्ता अडवतो. चष्मेवाले स्वतःच्या विनोदाला हसायचं नाही म्हणून ओठ आवळून उभे होते, पण भिंग डोळ्यावरून निसटलं आणि त्याबरोबर त्यांचाही तोल गेला. ते हसले. कोरडं, अडखळत, वापर नसलेल्या बिजागरीसारखं. काकू कमरेवर हात ठेवून चौकोनाकडे पाहत राहिल्या. आयुष्यभर घरं बांधून दिली ती दोराने. दार कशाला लागतं, हे त्या खरोखरच विसरल्या होत्या. मग त्यांचं जे हसू सुटलं ते इस्पितळाच्या खिडक्यांपर्यंत गेलं.

चष्मेवाल्यांना राहवेना. ते पायऱ्या उतरून आले, जमिनीवरचा खडू उचलला, टेबल ढोपराने सरकवलं आणि बाजूच्या रेषेवर एक दार काढलं. नीटस, दार उघडेल त्या कमानीसकट. "दार इथे. म्हणजे सकाळचा उजेड सरळ ओट्यावर."

काकूंनी त्या दाराकडे पाहिलं. ती बाजू बोळाची होती.

"लंबू," त्या हळूच म्हणाल्या, "विचार त्यांना, दारापर्यंत यायचं कुठून?"

 चष्मेवाले हातातल्या खडूकडे पाहत राहिले. आपल्याच हाताने आपण काय काढून बसलो, ते त्यांना दिसत होतं.

"जिना बंद पायऱ्यांचा नको," शेवटी ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "लोखंडी जाळीच्या पायऱ्या. उजेड गाळून खाली यायला हवा. आणि आधी ते कपाट. कपाट निघालं तर बघू."

मग सगळी गल्ली कपाटावर तुटून पडली. लंबू आणि बेकरीवाला पुढून, मुलगा मागून. दोर बांधला, साबण चोळला, तेल सोडलं. काकू ओरडत होत्या, "ओढा! रस्त्याकडे घ्या!" कपाट कण्हलं आणि तिथेच राहिलं. मग मागच्या बाजूने ओढून पाहिलं. लंबूचा शर्ट फाटला. चष्मेवाले आपल्या खिडकीच्या आतून सूचना करत होते आणि त्या कुणाला ऐकू जात नव्हत्या, कारण मधे कपाट होतं.

सून एका उलट्या बादलीवर बसून हे बघत होती. "आई," ती म्हणाली, "तुम्ही सगळे बाहेरच का ओढताय?"

"मग कुठे ओढू?"

"वर. आमच्या बेकरीत मैद्याची पोती माळ्यावर जातात ती काय जिन्यातून जातात? वर चाक आहे, त्यावरून दोर. खाली भिंती जवळ आल्यात, पण वर बघा ना, मोकळं आहे."

काकूंनी वर पाहिलं. बोळाच्या वर आभाळाची एक लांब पट्टी होती. इतकी वर्षं त्या बोळासमोरून जाता येता त्यांनी ती पाहिली नव्हती. सामान काढायचं म्हणजे ट्रककडे ओढायचं. हात तसेच वळलेले. "मला मेलीला सुचलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खट्टूपणा नव्हता, मौज होती.

बेकरीवाल्याने चाक आणलं. दोन्ही गच्च्यांवर मिळून एक तुळई आडवी टाकली. तिचं एक टोक धरायला चष्मेवाले स्वतः आपल्या गच्चीवर चढले, पहिल्यांदाच, कारण खाली बसून जगणाऱ्या माणसाला गच्चीचं काही काम पडलेलं नव्हतं. दोर ताणला. कपाट हललं. मुठीएवढं, मग हातभर. भिंतींचा चुना पापुद्र्यांनी गळत होता. ते वर वर जात राहिलं, कुबट, गंभीर, दारं मिटलेलं, आणि त्याच्या खालून उजेड बोळात शिरला. आधी जमिनीवर, मग भिंतीवर, मग खिडकीच्या काचेवर. आत टेबलावर मांडलेल्या चष्म्यांच्या काचा एकामागून एक पेटल्या.

गच्चीच्या कडेवरून चष्मेवाले ओणवून ते पाहत होते. काकू खाली, दोराला लोंबकळलेल्या.

"वहिनी," त्यांनी वरून हाक मारली. थेट. "दोर सैल सोडू नका. आलंय."

वहिनी हा शब्द त्या बोळात कपाटाबरोबरच अडकून पडला होता. काकूंनी दोर अजून घट्ट धरला. मग म्हणाल्या, "भावजी, पाय सांभाळा. तुम्हाला खाली आणायला माझ्याकडे दुसरा दोर नाही."

त्याच संध्याकाळी चष्मेवाल्यांनी संमती दिली. मुलाने कोबीकडच्या दोन खोल्यांना नाही कळवलं.

बांधकाम म्हणजे धूळ, आणि धूळ म्हणजे भांडणं. दोन्ही घरं महिनोन्‌महिने सिमेंट खात राहिली. जाळीच्या पायऱ्यांवरून चष्मेवाल्यांनी लोहाराचं डोकं खाल्लं. भोकं केवढी असावीत यावर त्यांची मतं ठाम होती. बाळ मधेच जन्माला आलं, मुलगी, आणि हातोड्यांच्या आवाजात गाढ झोपायला शिकली. शांतता झाली की रडायची. आपल्या वरच्या मजल्यांचं काय करायचं हे चष्मेवाल्यांना कळेना. "मी तिथे काय कबुतरं पाळू?" असं ते विचारत. काकू म्हणाल्या, लंबूला द्या, तो कबुतरापेक्षा बरा, निदान भाडं देईल. लंबू आपली एक पेटी आणि एक गादी घेऊन आला. बाहेरून आत आलेलं ते काकूंच्या ट्रकमधलं पहिलं सामान. कामाची जागा आता जिन्याखाली, तरी तो उशिराच येई. बसला दोष देता येत नाही म्हणून आता जिन्याला देई.

पुढच्या खेपेला काकू शहराच्या कडेला गेल्या, तेव्हा कोबीवाली बांधावर उभी होती.

"आज कुणाला आणलंस?"

"कुणाला नाही. तुझ्याकडून कोबी न्यायला आलेय. गल्लीत खाणारी तोंडं वाढलीत."

कोबीवालीने बराच वेळ काकूंकडे संशयाने पाहिलं. एका ट्रकने काय होतं, दोघींनाही ठाऊक होतं. पलीकडे दुसरे ट्रक उभे होतेच, दुसऱ्या इमारती उठत होत्याच. पण मग ती हसली आणि म्हणाली, "हौदा उघड." आणि शेताच्या पहिल्या रांगेपासून गड्डे तोडायला लागली.

वरच्या खोल्यांचा रंग सुकला तेव्हा सुनेने काकूंना राहायला यायचं रीतसर आमंत्रण दिलं. काकूंनी स्वतः काही उचलायचं नाही, अशी तिची अट होती. सामान, बोळातल्या त्या कपाटासकट, मुलाने आणि लंबूने आधीच वर नेलं होतं. काकू रिकाम्या हातांनी जिना चढल्या. पायांखाली जाळीतून चष्मेवाल्यांचं टेबल दिसत होतं, आणि टेबलावर वाकलेलं त्यांचं टक्कल.

"वहिनी, हळू," ते मान वर न करता म्हणाले. "तुमची सावली पडतेय."

"मग तोवर चहा टाका," काकू म्हणाल्या, आणि मुद्दाम एका पायरीवर जरा जास्तच थांबल्या.

वर दार उघडं होतं. काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. हात नेहमीसारखे अंगापासून लांब, पण त्यांत काही नव्हतं, आणि त्यांचं काय करावं ते त्यांना समजेना. सून आतून आली आणि तिने बाळ त्यांच्या हातांत दिलं. काकूंनी एक तळवा तळाला लावला, दुसरा पाठीला, गुडघे किंचित वाकवले आणि जड बाजू कुठली ते अजमावत बाळ हलकेच डावीकडे कलतं केलं.

"आई," सून म्हणाली, "कपाट नाहीये ते. सरळ धरलं तरी दारातून जाईल."